मान आणि भूमिका

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या हौशी मंडळींनी बसवलेल्या संगीत नाटकांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक कौतुकाचे असते. परंपरा टिकून आहे, शाळा-महाविद्यालयांतली मुले नाट्यपदे गात आहेत, नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली जुनी नटमंडळी रजा काढून प्रयोगाला येत आहेत, असा त्याचा सूर असतो. हे कौतुक अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र या नाटकांच्या उभारणीतला एक टप्पा कौतुक करणाऱ्यांच्या आणि टीका करणाऱ्यांच्याही नजरेतून सहसा निसटतो. तो म्हणजे पात्रनिवडीचा. प्रयोग कसा झाला याची चर्चा महिनाभर चालते. त्यातली पात्रे कशी निवडली गेली याची चर्चा मात्र कुजबुजीच्या पलीकडे जात नाही. ती उघडपणे व्हावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

आम्ही दोघेही कोकणात महाविद्यालयात मराठी शिकवतो. गद्य भाषणे आणि उच्चार पाहायला कोणीतरी हवे, म्हणून अशा निवडींना बसण्याचे निमंत्रण आम्हांला अधूनमधून येते. गाणे पाहायला गाणारे असतात; आम्ही पाहतो ते शब्द. पण निवडीच्या खोलीत बसलेल्या माणसाला शब्दांखेरीजही बरेच काही दिसते. गावाचे आणि मंडळाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण आम्ही जे मांडणार आहोत ते एका गावापुरते नाही, असे निरनिराळ्या ठिकाणच्या रंगकर्मींशी बोलताना आमच्या ध्यानात आले आहे.

प्रथम या नाटकांचे वेळापत्रक समजून घ्यावे लागेल, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच निर्माण होतो. चाकरमानी गावी येतात ते मे महिन्यात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस उभा राहतो, त्यामुळे उघड्या मांडवातला प्रयोग मेअखेरच्या पलीकडे नेता येत नाही. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये, क्वचित मेपर्यंतही, लांबतात. तेव्हा निवड करायची ती मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी, आणि तालमींना महिना-सव्वा महिना मिळाला तर तो पुष्कळ समजायचा. निवडीच्या दिवशी शाळेच्या एखाद्या वर्गात ऑर्गन आणि तबला येतो. उमेदवाराने एक तयार पद म्हणायचे, एक गद्य उतारा वाचायचा, आणि समोर कोणाला तरी उभे करून एक संवाद करून दाखवायचा, अशी साधारण पद्धत असते. पद्धतीत काही दोष नाही. दोष आहे तो ज्या वेळी ही पद्धत सुरू होते त्या वेळी यादीत काय शिल्लक असते त्यात.

'सौभद्र' बसवायचे ठरले आहे असे समजू. सुभद्रा पुण्याहून येणार आहे. तिने ती भूमिका याच गावात विद्यार्थिदशेत केली होती आणि लोकांच्या ती अजून लक्षात आहे. अर्जुन ठाण्याहून येणार. नारदाचा प्रश्नच नाही. तो पंधरा वर्षे ठरलेला आहे. कृष्णाचे बोलणे फोनवर फेब्रुवारीतच झाले. मग एप्रिलमध्ये वर्गाबाहेरच्या ओसरीवर जी वीस-पंचवीस मुले-मुली आपला क्रमांक येण्याची वाट पाहत असतात, ती नेमकी कशासाठी? कुसुमावती, एखादा राक्षस, दोन सेवक आणि मागे उभ्या राहणाऱ्या सख्या यांच्यासाठी. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते. मुलगी सुभद्रेचे पद तयार करून येते, घाम पुसत पुसत ते म्हणते, निवड करणारे माना डोलावतात, आणि संध्याकाळी तिला सखी दिल्याचे कळते. लग्न आधीच ठरलेले असताना दुसऱ्या मुलीला दाखवण्याच्या कार्यक्रमाला बोलवावे, पोहे करायला लावावेत आणि गाणेही म्हणायला सांगावे, तसा हा प्रकार आहे. आमचा पहिला आक्षेप यालाच आहे. जुन्या नटांनी काम करण्याला तो नाही. निवड झालेली असताना निवडीचा देखावा करण्याला आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. परगावचे नट तालमीला येतात ते शेवटच्या आठ-दहा दिवसांत. त्यांना त्यापेक्षा अधिक रजा मिळत नाही, आणि यात त्यांचा काही अपराध नाही. मधल्या काळात तालीम थांबून चालत नाही. म्हणून त्या भूमिकेत 'तालमीपुरते' कोणाला तरी उभे केले जाते. ही तालमीपुरती सुभद्रा तीन-चार आठवडे रोज संध्याकाळी सगळी भाषणे बोलते, सगळी पदे म्हणते, जागा पाठ करते, अर्जुन म्हणून उभ्या असलेल्या तालमीपुरत्या मुलाबरोबर प्रवेश बसवते. मग एके दिवशी पुण्याची गाडी येते. सगळे आनंदाने पुढे होतात. ही मुलगी हातातली वही घेऊन विंगेत जाते आणि प्रॉम्प्टिंग करू लागते. प्रयोगाच्या रात्री सुभद्रा एखाद्या भाषणात अडली तर तिला शब्द पुरवणारी तीच असते, आणि त्या रात्री सर्वांत चांगली सुभद्रा कोणाला येते असे विचारले तर प्रामाणिक उत्तर तिचेच नाव घेईल. पण ते विचारले जात नाही. आमचा अनुभव असा की या मुली आणि मुले पुढच्या वर्षी निवडीला येत नाहीत. भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत. त्यांना क्लास असतो, परीक्षा असते, मावशीकडे जायचे असते. एवढेच.

हे असे का होते? मंडळांचे चालक दुष्ट असतात म्हणून नव्हे. आमच्या मते याचे मूळ अधिक खोल आहे. कोकणात आणि गोव्यात हौशी नाटक वाढले ते बव्हंशी देवळाच्या आधाराने. उत्सवात, जत्रेत गावकऱ्यांनी मिळून नाटक करायचे ही तिकडची जुनी चाल आहे, आणि उत्सवी रंगभूमी हा शब्द आजही तिथे जिवंत आहे. देवळाच्या व्यवस्थेत प्रत्येक गोष्टीचा मान ठरलेला असतो. पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, नारळ कोणी ठेवायचा, आरतीला पुढे कोणी उभे राहायचे, हे गुणावरून ठरत नाही. ते वहिवाटीने चालत येते, आणि तसे येण्यातच त्याचे मोल असते. मुंबईला तीस वर्षे राहिलेला मानकरी उत्सवाला आला की त्याची जागा त्याला मिळते. मधल्या काळात ती कोणी सांभाळली असेल तर तो बिनतक्रार बाजूला होतो. नाटक त्याच मांडवात, त्याच दिवसांत होत आल्यामुळे भूमिकेलाही हळूहळू मानाचे स्वरूप आले. नारदाचा मान अमक्याचा, कृष्णाचा तमक्याचा. पुढे ज्या मंडळांचा देवळाशी संबंध राहिला नाही, ज्यांचे नाटक शाळेच्या पटांगणात आणि तिकीट लावून होऊ लागले, त्यांच्यातही ही वहिवाट तशीच उतरली.

मान आणि भूमिका यांत फरक आहे तो असा की मान निभावण्यासाठी उपस्थिती पुरते. पालखीला खांदा देणारा माणूस आला, की मान पुरा झाला. भूमिका दर वेळी नव्याने करून दाखवावी लागते, आणि ती करता येते की नाही याचा निवाडा त्या वर्षीच्या गळ्यावर, त्या वर्षीच्या पाठांतरावर आणि त्या वर्षीच्या दमसासावर होतो. मागच्या पुण्याईवर तो होऊ शकत नाही.

संगीत रंगभूमीचा इतिहास याबाबतीत काय सांगतो? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः सरकारी नोकरीत होते. ज्याला आज आपण हौशी म्हणू अशा वातावरणातच त्या प्रकाराचा आरंभ झाला. त्या काळी आजच्या अर्थाची निवड नव्हती; मंडळीत मुलगा घेतला जाई, तो तिथेच राही, आणि त्याचा गळा व बुद्धी रोजच्या रोज पारखली जाई. पण चांगल्या गळ्याचा शोध अखंड चाले. १८८२ च्या सुमारास बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर हे त्या शोधाचेच फळ. शकुंतला, सुभद्रा या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला वेड लावले, आणि पुढे वयाबरोबर ते पुरुषभूमिकांकडे वळले. १९०१ साली ते गेले, तेव्हा किर्लोस्कर मंडळीत मोठी पोकळी निर्माण झाली. ती भरून निघाली ती १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा. भाऊरावांची शकुंतला पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर एक कोवळा मुलगा उभा करणे हे धाडस होते. ते केले नसते तर पुढचा इतिहास कसा झाला असता, याची कल्पना करवत नाही. ज्या मंडळींनी नवा गळा शोधणे थांबवले नाही त्या टिकल्या, असे म्हणायला पुष्कळ आधार आहे.

यावर एक प्रतिवाद केला जाईल, आणि तो बालगंधर्वांच्याच नावाने केला जाईल. १९३५ साली 'धर्मात्मा' या चित्रपटात एकनाथांची पुरुषभूमिका केल्यानंतर ते पुन्हा रंगभूमीकडे आणि स्त्रीभूमिकांकडे परतले. पन्नाशी जवळ आली होती, नंतर ओलांडलीही. तरीही त्यांची सिंधू पाहायला, खरे म्हणजे ऐकायला, माणसे येत राहिली. तेव्हा संगीत नाटकात वय कोण पाहतो? ज्या रंगभूमीने पुरुषाला सुभद्रा म्हणून स्वीकारले, तिने पंचेचाळीस वर्षांच्या बाईंना सुभद्रा म्हणून का स्वीकारू नये? हा युक्तिवाद खोडून काढावा असे आम्हांला वाटत नाही, कारण तो बराचसा खरा आहे. संगीत नाटक कधीच हुबेहूबपणाच्या भरवशावर उभे नव्हते. डोळे मिटून ऐकणारा प्रेक्षक हा त्याचा हक्काचा प्रेक्षक आहे.

तरीही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक तर ही सवलत प्रत्येक नाटकाला लागू पडत नाही. १८९९ साली रंगभूमीवर आलेले देवलांचे 'शारदा' घ्या. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी एका कोवळ्या मुलीचे लग्न लावून देण्याचा घाट हाच त्या नाटकाचा विषय आहे. तिथे शारदा चाळिशीची आणि भुजंगनाथ पन्नाशीचा दिसू लागला, तर पदे कितीही सुरेल झाली तरी नाटकाची धार निघून जाते. प्रेक्षकाला त्या लग्नात आक्षेपार्ह काय आहे हेच कळेनासे होते. दुसरे असे की, बालगंधर्वांना ज्या प्रेक्षकांनी उतारवयात स्वीकारले त्यांनी त्यांच्या गाण्यासाठी स्वीकारले, आणि ते गाणे दररोजच्या व्यासंगातून आलेले होते. वर्षभर लोकलने जाऊन-येऊन, कार्यालयात मान मोडून काम करणाऱ्या माणसाला रियाजाला वेळ कुठून मिळणार? गळ्याचे वयही नाकारता येत नाही. एके काळी काळी पाचमध्ये सहज गाणाऱ्या बाई काळी तीनवर उतरतात, तेव्हा ऑर्गनवाला सांभाळून घेतो. पण त्या पदाचा वरच्या स्वरांतला उजेड जातो, तो कोणाला सांभाळून घेता येत नाही.

इथे 'वन्स मोअर'चा उल्लेख करायला हवा. परत आलेल्या नटाला तो हटकून मिळतो. त्यात खोटे काही नसते. प्रेक्षक आपल्या गेलेल्या दिवसांना पुन्हा बोलावत असतो, आणि त्यासाठी गाव त्या नटाचे ऋणी असते. पण त्याच रात्री पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलाने आपले एकुलते एक पद नेटके म्हटले, तर मांडवात शांतता पसरते आणि पुढचे भाषण सुरू होते. प्रेक्षकाला दोष देता येत नाही. त्याच्याकडे या मुलाची आठवणच नाही. ती निर्माण व्हायला मुलाला आधी भूमिका मिळायला हवी. आज ज्या सुभद्रेच्या आठवणीने लोक गहिवरतात, तिलाही कधीतरी कोणीतरी, तिची आठवण कोणालाच नसताना, उभे केले होते.

परत येणाऱ्या नटांची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकांगी होईल. जो माणूस वर्षाची रजा साठवून तालमीला येतो, स्वतःच्या खिशातून प्रवास करतो, वेळप्रसंगी मांडवाचा खर्चही उचलतो, त्याला केवळ हौसेचा भुकेला म्हणणे अन्यायाचे आहे. शहरात त्याला आडनावाने किंवा खात्यावरून ओळखतात. इथे तो नारद असतो. गावातले घर बंद आहे, भावकीत वाटण्या झाल्या आहेत, ओळखीची माणसे एकेक करून जात आहेत. या गावाशी आपले नाते अजून आहे याचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे मेमधली ती एक रात्र. त्याला 'या वर्षी तुम्हांला भूमिका नाही' असे सांगणे म्हणजे एका अर्थी गावातून त्याचे नाव कमी करण्यासारखे आहे. निवडीला बसणाऱ्यांची जीभ अडखळते ती यामुळे, आणि ती अडखळावी यात माणुसकीच आहे.

शिवाय एक कलेचे कारण आहे, आणि ते आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. जुन्या नटांवाचून संगीत नाटक शिकताच येत नाही. आजची मुले पदे पाठ करतात ती मोबाइलवर ऐकून. ध्वनिमुद्रणातली प्रत्येक हरकत, प्रत्येक मुरकी जशीच्या तशी उचलतात; निवडीच्या वेळी त्यांचे पद ऐकून आपण थक्क होतो. मग त्यांना पदाच्या आधीचे वाक्य बोलून पद सुरू करायला सांगावे. बहुतेक जण तिथे अडखळतात. गद्यातून पदात कसे जायचे, शेवटचे वाक्य बोलता बोलता ऑर्गनचा स्वर कानात कसा घ्यायचा, आलाप कुठे आवरायचा म्हणजे समोरच्या नटाला आपले भाषण उचलता येईल, 'वन्स मोअर' आल्यावर तुटलेला भाव पुन्हा कसा जोडायचा, हे ध्वनिमुद्रणात नसते. आणि सर्वांत अवघड म्हणजे, दुसरा गात असताना आपण काय करायचे. पाच मिनिटे अर्जुन गातो आहे आणि सुभद्रेने ऐकायचे आहे. नवी मुलगी त्या वेळी हात कुठे ठेवावेत या विवंचनेत असते. जुनी सुभद्रा नुसत्या ऐकण्याने ते पद वर उचलते. सुमारे दीड शतकाची ही कारागिरी कुठेही लिहून ठेवलेली नाही. किर्लोस्करांच्या नाटकांत पदांची रेलचेल होती, 'सौभद्र'मध्ये तर ती शंभराच्या वर आहेत. आज प्रयोगात त्यांतली थोडीच उरतात. कोणते पद गाळायचे, कोणते दोन ओळींत आटोपायचे आणि कोणते सावकाश फुलवायचे, हा विवेकही जुन्या माणसांपाशीच आहे.

तेव्हा जुन्यांना दूर ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्याकडचे जे सर्वांत मोलाचे आहे ते आजच्या व्यवस्थेत वाया जाते, हे आमचे दुःख आहे. ते शेवटच्या आठवड्यात येतात, स्वतःचे काम करतात, टाळ्या घेतात आणि रविवारच्या गाडीने परत जातात. शिकवायला वेळच राहत नाही. विंगेत वही घेऊन बसलेली ती मुलगी पाहून पाहून काय उचलेल तेवढेच. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाची इथे आठवण होते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या या नाटकाचा पेच हाच आहे की विद्या कोणाची आणि ती कोणाला द्यायची. आणि त्यातला सदाशिव ती मिळवतो ते नोकर बनून, आडून ऐकून. १९६७ साली ते रंगभूमीवर आले तेव्हा खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांडे यांनी केली आणि ती त्यांच्याशी इतकी एकरूप झाली की ती दुसऱ्या कोणी करावी हा विचारच अनेकांना अवघड वाटे. वसंतराव १९८३ साली गेले, तेव्हा त्यांचे नातू राहुल देशपांडे चार वर्षांचेही नव्हते. २०१० साली सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा उभे राहिले ते याच नातवाच्या गळ्यातून. आजोबांसमोर बसून भूमिका शिकण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. तरी भूमिका पुढे गेली, कारण वसंतरावांचे गाणे ध्वनिमुद्रित होते आणि ते जाणणारी माणसे होती. आमच्या गावच्या नारदाचे कोणी ध्वनिमुद्रण करून ठेवलेले नाही. त्याच्याजवळचे जे आहे ते त्याच्या हयातीत, समोर बसूनच घ्यावे लागेल.

मग करावे काय? आम्हांला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

पहिली गोष्ट, ज्या भूमिका आधीच ठरलेल्या असतील त्या निवडीच्या सूचनेतच लिहाव्यात. 'नारद आणि कृष्ण या भूमिका ठरलेल्या असून उर्वरित भूमिकांसाठी निवड आहे' असे वाक्य फळ्यावर लिहिल्याने मंडळाची अब्रू जात नाही. उलट जो मुलगा येईल तो डोळे उघडे ठेवून येईल. दुसरी गोष्ट, निदान मुख्य भूमिकांपैकी एक स्त्रीभूमिका आणि एक पुरुषभूमिका दर वर्षी खरोखर खुल्या ठेवाव्यात, आणि त्यासाठी जुन्या नटांनीही इतरांसारखे निवडीला यावे. ज्यांना एप्रिलमध्ये येणे शक्य नाही त्यांनी ऑर्गनवर किंवा नुसत्या तंबोऱ्यावर एका दमात म्हटलेले पद आणि एक गद्य उतारा पाठवावा. ज्याने पंधरा वर्षे काम केले त्याची परीक्षा घ्यायची, हा उद्धटपणा आहे असे काहींना वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. मैफलीत बसलेल्या बुजुर्ग गवयालाही त्या रात्री गाऊनच दाखवावे लागते.

तिसरी गोष्ट तालमीपुरत्या नटांची. जो मुलगा किंवा मुलगी महिनाभर एखादी भूमिका तालमीत करील, त्यांना निदान एक प्रयोग मिळाला पाहिजे, असा नियमच असावा. मांडव एकदा घातला की दुसऱ्या रात्री प्रयोग करायला मोठा खर्च येत नाही. साथीदारांचे मानधन आणि वीज एवढाच काय तो भार. पहिल्या रात्री पुण्याची सुभद्रा, दुसऱ्या रात्री गावातली. पहिल्या रात्री तिकिटे खपतील, दुसऱ्या रात्री खुर्च्या रिकाम्या राहतील, हे आम्ही धरून चाललो आहोत. चार वर्षे राहतील. पाचव्या वर्षी त्या मुलीलाही लोक ओळखू लागतील.

चौथी गोष्ट, परत येणाऱ्या नटांपुढे भूमिकेखेरीज दुसरे काही सन्मानाचे ठेवावे. दोन दिवस आधी येऊन त्यांनी आपली भूमिका नव्या नटाला शिकवावी, आणि प्रयोगाच्या पत्रकात त्यांचे नाव त्या भूमिकेसमोर, शिकवणारे म्हणून, छापावे. नांदी तर आहेच. पडदा उघडताच सूत्रधाराबरोबर सगळा संच हात जोडून उभा राहतो, तेव्हा त्या ओळीत जुन्या नारदाला, जुन्या सुभद्रेला उभे करायला काय हरकत आहे? रंगभूषा नको, वेष नको. नेहमीच्या धोतरात, नऊवारीत त्यांनी नांदी म्हणावी आणि मग पहिल्या रांगेत जाऊन बसावे. गावाने त्यांना ओळखले, टाळ्या वाजवल्या, मान दिला, हे सगळे त्यात येते. भूमिका मात्र ज्याला त्या वर्षी चांगली करता येते त्याच्याकडे राहते.

शेवटची गोष्ट निवड करणाऱ्यांसाठी, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला का मिळाली नाही हे सांगितले पाहिजे. 'तुझा स्वर चांगला आहे, पण लय सुटते. वर्षभर तबल्याबरोबर म्हण आणि पुन्हा ये', एवढे वाक्य ज्याच्या कानावर पडते तो मुलगा बहुधा पुन्हा येतो. 'कळवतो' एवढेच ऐकून जो घरी जातो, तो येत नाही.

हे सारे आताच का करायचे, असे कोणी विचारील. कारण आकडा लहान होत चालला आहे. आमच्या परिसरात नाट्यपदांना ऑर्गनची साथ करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांतली बहुतेक साठीच्या पुढची आहेत. एक मूल निवडीतून मन मोडून गेले, तर एकच नट कमी होत नाही. पुढे साथ शिकू पाहणारा, मुलांना पदे शिकवणारी शिक्षिका, पहिल्या रांगेत बसून दाद देणारा प्रेक्षक, यांपैकी कोणीतरी एक कमी होतो. वर्गात आम्ही 'सौभद्र' शिकवतो तेव्हा पदे कविता म्हणून वाचतो; तशी ती वाचता येतात, पण तशी ती लिहिलेली नाहीत. ती गाणारा गळा वर्गाबाहेर, गावात हवा. तो तयार होण्याची जागा आज ही एकच उरली आहे, आणि तिचे दार त्या एप्रिलमधल्या एका संध्याकाळी उघडते किंवा बंद होते.

येत्या उन्हाळ्यासाठी नाटक निवडायला मंडळे दिवाळीनंतर बसतील. त्या बैठकीत नाटकाच्या नावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जावा, अशी आमची विनंती आहे: यातली कोणती भूमिका आपण या वर्षी, जिला अजून गावात कोणी ओळखत नाही अशा मुलीसाठी, मोकळी ठेवणार आहोत? तिचे नाव ठरवू नये. फक्त जागा ठेवावी, आणि ती ठेवली आहे हे फळ्यावर लिहावे.